नवा गडी कुणाला हवाय?

पडद्यावरचं मैदान : लेखांक ९

२३ ऑगस्ट २०२४ रोजी सोनीने 'कॉन्कॉर्ड' हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ बाजारात आणला. दिसायला देखणा, कित्येक वर्षं खपून बनवलेला, किंमत ४० डॉलर. ६ सप्टेंबरला, म्हणजे दोनच आठवड्यांनी, तो बंद झाला आणि ग्राहकांना पैसे परत मिळाले. मैदान तयार होतं, दिवे लागले होते, गडीच जमले नाहीत. एकट्याने खेळायचा खेळ दहा जणांनी विकत घेतला तर त्या दहांना तो पुरता मिळतो. पाच विरुद्ध पाच अशा खेळाचं तसं नाही. त्याला एकाच वेळी, साधारण सारख्याच तयारीचे दहा जण हजर लागतात, आणि तेही चोवीस तास. म्हणून असा खेळ बनवणाऱ्यांना दोन घोर लागलेले असतात : माणसं आणायची कशी आणि आलेली टिकवायची कशी. मागच्या लेखात आपण सर्व्हर आणि 'लॅग'चं गणित पाहिलं. आज माणसांचं.

माणसं आणणं त्यातल्या त्यात सोपं. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारने बंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या 'फौ-जी'ची घोषणा केली. प्ले स्टोअरवर आगाऊ नोंदणी ४० लाखांच्या वर गेली. २६ जानेवारी २०२१ ला खेळ हातात आला तेव्हा त्यात गलवान खोऱ्यातली एकट्याने लढायची कथा होती. चार मित्रांनी मिळून खेळायची सोय नव्हती. पबजीवाल्या पोरांना बंदूक हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त हवा होता रात्री जेवणानंतर माइकवर भरणारा कट्टा. तो नसल्याचं कळायला अर्धा तास पुरला. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलचाच भारतीय अवतार, आला आणि कट्टा पुन्हा भरला.

पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा बॅटल रॉयल आणला तेव्हा त्यांच्यासमोरही हीच भिंत होती. खेळ चांगला की वाईट हा मुद्दा नंतरचा. मुलाचे मित्र आधीपासूनच बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्सवर बसलेले आहेत. एकाला उठवायचं तर चौघांना उठवावं लागतं.

कधी कधी गर्दी कुणाच्या हिशोबात नसताना येते. 'अमंग अस' जून २०१८ मध्ये निघाला आणि दोन वर्षं जवळपास कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत स्ट्रीमर मंडळींनी तो उचलला आणि जगभर पसरला. बनवणाऱ्या छोट्याशा चमूने ऑगस्टमध्ये 'अमंग अस २' जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये तो बेत रद्द करून पहिल्याच खेळाची डागडुजी करायला घेतली. शहाणपणाचा निर्णय. भरलेली जत्रा उठवून शेजारच्या गावी नेता येत नाही.

तर नवा गडी आत आला. पहिल्या पाच-दहा डावांत त्याचं काय होतं यावर बरंचसं ठरतं. या धंद्यातली माणसं 'डी-१', 'डी-७', 'डी-३०' हे आकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात : आज आलेल्यांतले उद्या किती परतले, आठवड्याने किती, महिन्याने किती. नवखे गळू लागले की फक्त तळ रिकामा होतो असं नाही. काल जो मधल्या फळीत होता तो आज सगळ्यांत कच्चा ठरतो, रोज मार खातो आणि तोही जातो. मग त्याच्या वरचा. शेवटी उरतात ते मुरलेले शे-दोनशे, एकमेकांची नावं पाठ असलेले.

यावरचा पहिला उपाय म्हणजे तोलामोलाच्या माणसाशी गाठ घालून देणं. त्याची मुळं बुद्धिबळात आहेत. आर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवलेली मानांकनाची रीत १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने स्वीकारली. पण ती दोघांच्या खेळाची. संघांच्या खेळासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'ट्रूस्किल' नावाची पद्धत एक्सबॉक्ससाठी तयार केली. तिच्यात प्रत्येकाचे दोन आकडे असतात : एक कौशल्याचा अंदाज आणि दुसरा त्या अंदाजातली अनिश्चितता. नवख्याचा अंदाज २५ धरतात आणि अनिश्चितता त्याच्या एक तृतीयांश. क्रमवारी लावताना अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा करतात, म्हणजे नवखा बरोबर शून्यावर सुरू होतो. प्रत्येक डावानंतर यंत्राची खात्री वाढते आणि दुसरा आकडा आक्रसत जातो.

मुरलेल्या खेळाडूंना ही व्यवस्था आवडत नाही. त्यांची तक्रार अशी की प्रत्येक डाव घाम काढतो, निवांत खेळायला मिळतच नाही. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या ॲक्टिव्हिजनने २०२४ च्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतल्या काही खेळाडूंसाठी जोड्या लावताना कौशल्याला दिलेलं वजन गुपचूप कमी करून पाहिलं. डाव एकतर्फी होऊ लागले, अर्ध्यातून उठून जाणारे वाढले आणि वरचे दहा टक्के सोडले तर बाकीच्यांचं परत येणं घटलं. आता यातली मेख लक्षात घ्या. कच्चे गेल्यावर त्यांच्यानंतरचे कच्चे ठरणार, म्हणजे आज खुशीत असलेल्या त्या दहा टक्क्यांचंही मैदान उद्या रिकामं होणार. तक्रारीचा आवाज मात्र त्यांचाच मोठा असतो, कारण यूट्यूब चॅनल त्यांचे.

दुसरा उपाय म्हणजे बॉट. फोर्टनाइटने २०१९ च्या शरद ऋतूत यंत्राने चालवलेले खेळाडू मैदानात सोडले आणि तसं जाहीरही केलं. खेळाडू तयार होत जाईल तसे त्याच्या वाट्याला बॉट कमी येतील, असं सांगितलं. पबजी मोबाइलच्या खालच्या श्रेणींत तर हा उघड गुपिताचा मामला. पहिल्याच संध्याकाळी दहा जणांना लोळवून 'चिकन डिनर' मिळवलेला नवा गडी गावभर सांगत सुटतो, आणि मग कुणीतरी मोठा दादा हसून म्हणतो, "अरे, ते सगळे बॉट होते." गल्लीतल्या लपाछपीत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे, तसंच हे. पळायला मिळतं, ओरडायला मिळतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. काही दिवस ते खूश असतं. एक दिवस त्याला उमगतं की आपण असलो काय नि नसलो काय, डाव तसाच चालतो. त्या दिवशी ते रडत घरी जातं. बॉटांनी नवख्याला पहिल्या आठवड्याच्या पार नेता येतं, हे मी नाकारत नाही. त्याला मैदानात जागा मात्र बॉट देऊ शकत नाहीत.

फोर्टनाइटने पुढे याहून मोठं धाडस केलं. या खेळाची ओळख म्हणजे लढता लढता लाकूड, वीट आणि धातूचे मनोरे उभारणं. काही वर्षांत जुन्यांचे हात इतके बसले की नवख्याची गोळी सुटेपर्यंत समोरच्याने तीन मजले चढवलेले असत. मार्च २०२२ मध्ये हा खेळ बनवणाऱ्या एपिकने बांधकामच काही दिवस काढून टाकलं आणि महिनाअखेरीस 'झीरो बिल्ड' हा कायमचा वेगळा विभाग केला. आपल्या खेळाचा कणा काढून बाजूला ठेवायची तयारी फार थोड्यांत असते.

पण आतापर्यंतचे सगळे उपाय नवख्याला जुन्यांपासून लांब ठेवण्याचे आहेत. मला जास्त मोल वाटतं ते उलट्या दिशेने गेलेल्या खेळांचं.

आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' मे २००३ पासून चालू आहे. अंतराळातली जहाजं, खाणी, व्यापार, दगाबाजी. बहुतेक सगळं जग एकाच मैदानात. शिकायला इतका किचकट की त्यावर व्यंगचित्रं निघाली. शिवाय २०१६ पर्यंत त्यातली कौशल्यं फक्त घड्याळाच्या हिशोबाने वाढत, त्यामुळे कित्येक वर्षं आधी आलेल्याला नव्याने आलेला एकूण कौशल्यात कधी गाठूच शकत नसे. कागदावर पाहिलं तर नवख्याला पळवून लावायची याहून उत्तम तजवीज सापडणार नाही. तरीही तो नवखे पोसतो, आणि याचं श्रेय बव्हंशी खेळाडूंना जातं.

ईव्हमध्ये 'रिफ्टर' नावाचं एक स्वस्त, छोटं, चपळ जहाज आहे. त्यावर शत्रूला पळून जाऊ न देणारं एक उपकरण बसवता येतं. मोठ्या युद्धनौकेच्या तोफा जड आणि सावकाश वळणाऱ्या, त्यामुळे जवळून गरगर फिरणाऱ्या चिलटाला त्यांचा नेम लागणं मुश्किल. म्हणजे काही दिवसांचा नवखा वीस वर्षांच्या मुरब्ब्याला जागेवर खिळवून ठेवू शकतो. तेवढ्यात बाकीचा ताफा येऊन पोचतो. साधारण २००६ पासून 'गूनस्वार्म' या टोळीने नेमकं हे ओळखलं. जुन्या टोळ्या नवख्यांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा गूनांनी त्यांना शेकड्यांनी भरती केलं, हातात स्वस्त जहाजं दिली आणि बलाढ्य टोळ्यांच्या अंगावर सोडलं. जहाज फुटलं? दुसरं घे. पुढे ही चाल इतरांनीही उचलली. २०१३ मध्ये 'ब्रेव्ह न्यूबीज' नावाची टोळीच निघाली. त्याआधी २००४ पासून 'ईव्ह युनिव्हर्सिटी' ही खेळाडूंनीच चालवलेली शिकवणी आहे, वर्ग आणि वेळापत्रकासकट. कंपनीने यातलं काहीच बांधलेलं नाही. कंपनीने एवढंच केलं की नवख्याच्या हाताला पहिल्या आठवड्यात खरं काम राहील असे नियम ठेवले.

२०१५ च्या रेक्याविकमधल्या मेळाव्यात सीसीपीने सुमारे ८० हजार नव्या खेळाडूंचे पहिले पंधरा दिवस तपासून काढलेले निष्कर्ष मांडले. सर्वांचा समज असा होता की बेसावध गाठून मारले गेलेले नवखे चिडून खेळ सोडतात. आकड्यांत दिसलं ते असं : असे मारले गेलेले जेमतेम एक टक्का होते, आणि पैसे भरून पुढे टिकण्याचं प्रमाण त्यांच्यातच सर्वांत जास्त होतं. मोठा वाटा होता पंधरा दिवसांत कुणाही खेळाडूच्या हातून एकदाही न मारले गेलेल्यांचा, आणि तेच सर्वांत कमी टिकत होते. यावरून नवख्यांना झोडा म्हणजे ते टिकतील, असा अर्थ काही जुन्या खोडांनी लगोलग काढला. तो चूक आहे. जो आधीपासूनच बाहेर पडून उलाढाल करतो तोच मारला जाण्याच्या जागी पोचतो. टिकण्याचं कारण त्याचा तो स्वभावही असू शकतो. पण मारलं गेल्यानेच नवखे पळतात, हा समज मात्र या आकड्यांपुढे टिकला नाही.

उलट बाजूचं उदाहरणही नोंदवायला हवं. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये शहराच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की नवख्याला लुटारू कापून काढत, आणि तिथे मात्र माणसं खरोखर पळत होती. २००० साली कंपनीने जगाची दोन जगं केली : ट्रॅमलमध्ये संमतीशिवाय कुणी कुणाला मारायचं नाही, फेलुकामध्ये सगळं मोकाट. लोक ट्रॅमलला गेले, सभासदसंख्या वाढली आणि फेलुकातल्या लांडग्यांना मेंढ्या उरल्या नाहीत. जुने खेळाडू अजून त्या निर्णयाच्या नावाने बोटं मोडतात. ईव्हमध्ये नवख्याला मारणारे होते तसे कामाला घेणारेही होते; अल्टिमात त्याचा उपयोग बहुतेक शिकार म्हणूनच होता.

मला सर्वांत जास्त पटलेली रचना जपानी आहे. स्क्वेअर एनिक्सचा 'फायनल फँटसी १४' सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि इतका आपटला की नाओकी योशिदा यांच्या हाती सूत्रं देऊन तो जवळपास नव्याने बांधावा लागला. ऑगस्ट २०१३ मध्ये तो परत आला. यात चौघांनी मिळून उतरायची भुयारं आहेत. अडचण अशी की जुन्यांनी ती भुयारं केव्हाच पार केलेली. नवख्याला सोबती कुठून मिळणार? त्यांनी 'रुलेट' काढलं. जुन्या खेळाडूने रोज नशिबाला येईल त्या भुयारात उतरायचं, त्याबद्दल चांगलं बक्षीस. आत गेल्यावर त्याची ताकद आपोआप त्या पातळीपर्यंत खाली येते, त्यामुळे तो एकटाच सगळं उरकू शकत नाही. आणि चौघांत कुणी पहिल्यांदाच आलेला असेल तर पडद्यावर तशी सूचना झळकते आणि सगळ्यांच्या बक्षिसात भर पडते.

एवढ्याने वागणूक बदलते. एरवी 'आला एक नूब' म्हणून कपाळाला हात लावणारा माणूस, नावापुढे नवख्याचं हिरवं रोपटं दिसलं की थांबतो, पुढच्या राक्षसाची युक्ती टाइप करून सांगतो. तो सज्जन झाला असं मी म्हणणार नाही. नवखा त्याच्या फायद्याचा झाला.

ही युक्तीही फसते, तेही तिथेच दिसलं. त्याच खेळात जाणत्यांना 'मेंटॉर' म्हणून मुकुटाचं चिन्ह मिळतं आणि मेंटॉर रुलेट दोन हजार वेळा पार केलं तर एक दुर्मीळ घोडा. झालं, घोड्यासाठी मुकुट घेणारे निघाले आणि मुकुटवाले ही खेळाडूंमध्ये थट्टेची गोष्ट झाली. पहिलं बक्षीस समोर बसलेल्या नवख्यासोबत डाव तडीस नेण्याचं होतं. दुसरं नुसत्या मोजणीचं होतं.

नवखे टिकवण्यासाठी कंपन्या सर्वांत जास्त पैसा सुरुवातीच्या शिकवणीवर आणि रोजच्या हजेरीच्या बक्षिसांवर घालतात. माझ्या मते तो बराचसा वाया जातो. हजेरीच्या नाण्यांसाठी आलेला दुसरीकडे जास्त नाणी मिळाली की तिकडे जातो. ज्याच्यावाचून स्क्वॉड अडतो, तो आजारी असला तरी अर्धा तास येऊन जातो.

वाचकांपैकी जे बीजीएमआय खेळतात त्यांना एक विनंती. अनोळखी नवखा स्क्वॉडमध्ये आला तर त्याला लॉबीतून काढण्याआधी एक काम द्या : गाडी चालवायला सांगा, औषधं वाटायला सांगा, एका दिशेला लक्ष ठेवायला सांगा. आणि जे तरबेज असून नवं खातं उघडून मुद्दाम अशा नवख्यांची शिकार करतात, त्या 'स्मर्फ' मंडळींचा समाचार पुढच्या आठवड्यात.