मूल गप्प कां बसतें?

गडचिरोली जिल्ह्यांत भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. त्या रानांतील माडिया गोंडांचें सहा वर्षांचें एखादें मूल प्रथमच शाळेंत येऊन बसलें आहे, अशी कल्पना करावी. घरीं असतांना तें मोहाचीं फुलें वेंचतें, नदींत मासे धरतें, धाकट्या भावंडाला सांभाळतें. परंतु गुरुजी पुस्तकांतील आगगाडीच्या चित्रावर बोट ठेवून ‘हें काय?’ असें विचारतात, तेव्हां तें मान खालीं घालून गप्प बसतें. गुरुजींच्या मनांत येतें, मूल मंदबुद्धीचें दिसतें. हा निवाडा बरोबर आहे काय? मूल गप्प कां बसतें, या प्रश्नाचें उत्तर मानसशास्त्राचे निरनिराळे पंथ निरनिराळें देतात. आणि शिक्षकाचा विश्वास ज्या उत्तरावर बसतो, त्यावर त्या मुलाचें पुढील शिक्षण अवलंबून राहतें.

१८७९ सालीं व्हिल्हेल्म वुंट यांनीं जर्मनींतील लाइपझिग येथें प्रयोगशाळा काढली. तेव्हांपासून मानसशास्त्र हें तत्त्वज्ञानापासून निराळें शास्त्र झालें, असें मानण्याचा प्रघात आहे. माणसानें आपल्याच मनाकडे लक्ष देऊन तेथील संवेदनांचें वर्णन करावें, ही त्या प्रयोगांतील एक प्रमुख रीत होती. तिला अंतर्निरीक्षण म्हणतात. पण जें मूल बोलतच नाहीं, तें आपलें मन उकलून कसें दाखविणार?

विसाव्या शतकाच्या आरंभीं व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनीं सांगितलें कीं, मनाचा मोठा भाग माणसाच्या स्वतःच्याहि जाणिवेंत नसतो. दडपलेलें भय व दुःख निराळ्या रूपानें बाहेर पडतें. आईला सोडून निवासी आश्रमशाळेंत आलेल्या मुलाच्या मौनामागें विरह असूं शकेल, हा विचार या पंथामुळें सुचतो. फ्रॉइड यांचीं अनेक अनुमानें पुढें प्रयोगाच्या कसोटीस उतरलीं नाहींत. तरी बालपणींच्या भावनांकडे जगाचें लक्ष त्यांनीं वेधलें, हें खरें.

१९१३ सालीं अमेरिकेंत जॉन वॉटसन यांनीं अंतर्निरीक्षणाच्या मार्गावर हरकत घेतली. मन दिसत नाहीं, वर्तन दिसतें; म्हणून शास्त्रानें वर्तनाचाच अभ्यास करावा, असें त्यांचें म्हणणें. रशियांत पावलोव्ह यांनीं दाखविलें होतें कीं, अन्न देण्यापूर्वीं ठराविक आवाज वारंवार ऐकविला, तर पुढें नुसत्या आवाजानेंहि कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. वर्तनवादी म्हणेल: उत्तर चुकलें आणि वर्ग हंसला, असें चार वेळां झालें, म्हणजे शाळा आणि भीति यांची सांगड बसते. हंसणें थांबवा, प्रत्येक प्रयत्नाला शाबासकी द्या, मूल बोलूं लागेल. हा उपाय पुष्कळदां गुणकारी ठरतो.

परंतु शिकणें म्हणजे केवळ संवय नव्हे. वोल्फगांग कोलर यांच्या प्रयोगांत टांगलेलें केळें काढण्यासाठीं चिंपांझींनीं पेट्या एकमेकींवर रचल्या. कोलर ज्या समष्टिवादी पंथाचे, त्याचें सांगणें असें कीं, वस्तूला अर्थ येतो तो सबंध परिस्थितींतून. ज्यानें आगगाडी कधीं पाहिली नाहीं, त्याला त्या चित्रांत अर्थ कोठून दिसावा?

पुढें जिनीव्हाचे झां पियाजे यांनीं दाखविलें कीं, मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. तें वस्तू हाताळून आपलें ज्ञान स्वतः रचतें. रशियाचे लेव्ह विगोट्स्की यांनीं भाषेवर भर दिला. मूल आज मोठ्यांच्या मदतीनें जें करतें, तें उद्यां एकटें करूं शकतें. आणि ही मदत बहुतांशीं बोलण्यांतूनच मिळते. येथें मूळ अडचण उघड होते. माडिया ही द्राविडी कुळांतील भाषा. मराठीचें कुळ निराळें. मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यामध्यें पूलच नाहीं.

मग मंदबुद्धीचा निवाडा कशाच्या आधारें करावयाचा? १९०५ सालीं फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने यांनीं बुद्धिमापनाच्या कसोट्या तयार केल्या, त्या मदतीची गरज असलेलीं मुलें ओळखण्यासाठीं. स्वातंत्र्यपूर्व काळांत डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं त्यांचें मराठी व कानडी रूपांतर केलें. अशा रूपांतराची गरज पडली, यांतच बोध आहे: एका समाजासाठीं केलेली मोजपट्टी दुसऱ्या समाजास जशीच्या तशी लावतां येत नाहीं. मराठी कसोटी माडिया मुलाला लावली, तर ती आधीं त्याचें मराठीच मोजील.

बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं हेमलकसा येथें सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पांत डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे गेले, तेव्हां रोग्यांशीं बोलतां यावें म्हणून ते स्वतः माडिया शिकले. तेथें शाळा १९७६ सालीं निघाली. डॉक्टरांना जें आवश्यक वाटलें, तें शिक्षकालाहि तितकेंच आवश्यक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें, शक्य असेल तेथवर शिक्षण मातृभाषेंतून असावें असें म्हटलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत तसें व्हावें असें सुचविलें आहे.

या पंथांपैकीं कोणताहि एकच सर्वस्वी खरा नाहीं. मुलाला घरची आठवण येत असेल, हंसण्याचें भय वाटत असेल, चित्र अनोळखी असेल, प्रश्नाची भाषाच कळली नसेल. शहाणा शिक्षक या सर्व शक्यता एकेक करून तपासतो. पुस्तक मिटून तो मुलाला मोहाचें फूल दाखवितो आणि तोच प्रश्न माडियांत विचारतो. मूल बोललें, तर त्याच्या बुद्धीविषयींची शंका तेथेंच मिटते; आणि न बोललें, तरी मंद हा शिक्का मारण्याचा अधिकार अद्याप कोणासहि आलेला नसतो.