विकत घेतलेल्या यूट्यूब चॅनेलचा पक्का ताबा

जमीन घेणारा शहाणा शेतकरी केवळ खरेदीखत हातीं आलें म्हणून निर्धास्त होत नाहीं. तो मोजणी करवितो, बांध फिरून पाहतो, जमिनीवर कोणाचें कर्ज किंवा कुळाचा हक्क नाहीं ना याची चौकशी करतो, आणि फेरफार मंजूर होऊन सात-बाऱ्यावर आपलें नांव चढेपर्यंत स्वस्थ बसत नाहीं. हीच सावधगिरी यूट्यूब चॅनेल विकत घेतांना मात्र बहुतेकांस सुचत नाहीं.

असें चॅनेल घेण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. नव्या चॅनेलला जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळण्यास १,००० सब्स्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास व्हिडिओ पाहिले गेल्याची नोंद लागते. लहान ‘शॉर्ट्‌स’ करणारास ९० दिवसांत १ कोटी वेळां पाहिले जाण्याची अट आहे. तेव्हां द्राक्षाची छाटणी किंवा उसाची लागण शिकविणारें तयार चॅनेल कोणी विकत असल्यास रोपवाटिकेच्या मालकास अथवा उत्पादक कंपनीस तें घ्यावेसें वाटतें. परंतु जमिनीचें दप्तर सरकारांत असतें. चॅनेलच्या खरेदीविक्रीची नोंद करणारें दप्तर कोठेंच नाहीं. ज्याच्या खात्यावर चॅनेल आहे तोच मालक, इतकाच येथला हिशेब. म्हणून पैसे देणें आणि ताबा मिळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें प्रथम ध्यानांत धरावें.

खरेदीपूर्वीं काय पाहावें

विक्रेत्याकडून ‘यूट्यूब स्टुडिओ’ आपल्या समक्ष उघडवून घ्यावा; पाठविलेल्या छायाचित्रांवर विसंबूं नये. कॉपीराइटच्या तीन ‘स्ट्राइक’ ९० दिवसांत पडल्या तर चॅनेल बंद होऊं शकतें. यास्तव एखादी चालू आहे काय, हें पाहावें. सहा महिन्यांहून अधिक काळ नवा व्हिडिओ घातला नसेल तर उत्पन्नाची सवलत जाऊं शकते. सब्स्क्रायबर पन्नास हजार आणि नवा व्हिडिओ पाहणारे शंभर, असा मेळ दिसल्यास ते सब्स्क्रायबर खरे असण्याविषयीं शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट लेखी कराराची. चॅनेल मिळालें म्हणजे त्यांतील जुन्या व्हिडिओंचा कॉपीराइट आपोआप मिळत नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणें हा हक्क देणाराची सही असलेला लेख लागतो. त्यांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच धरला जातो. म्हणून मुदत व प्रदेश हीं दोन्ही स्पष्ट लिहून घ्यावीं. नाहीं तर विकणारा पुढें त्याच व्हिडिओंवर आपला हक्क सांगूं शकेल.

पासवर्ड नको, मालकी हवी

पुष्कळ सौदे पुढीलप्रमाणें होतात: विक्रेता आपलें गूगल खातें पासवर्डसह देऊन टाकतो, घेणारा पासवर्ड बदलतो आणि काम झालें असें समजतो. हा व्यवहार कच्चा होय. तें खातें ज्यानें उघडलें त्याचा मोबाईल क्रमांक, दुसरा ई-मेल व त्याची जुनी ओळख त्या खात्याशीं जोडलेली असते. हा क्रमांक बदलला तरी पुढें सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या क्रमांकावर पडताळणीचा संकेत पाठवूं शकतें. ‘माझें खातें हरवलें’ असें म्हणून जुना मालक तें परत मिळवूं शकतो, आणि दिलेले पैसे बुडतात.

बरी रीत ही कीं, चॅनेल ‘ब्रँड अकाउंट’वर असावें, विक्रेत्याच्या खाजगी खात्यावर असल्यास त्यानें तें आधीं तेथें हलवावें. नंतर त्यानें आपल्या ई-मेलला ‘ओनर’ म्हणून निमंत्रण द्यावें. तें स्वीकारल्यावर सात दिवस गेल्याखेरीज कोणासही ‘प्रायमरी ओनर’ करतां येत नाहीं. मुख्य मालक हा एकच असतो. त्याहून खालचा अधिकार मिळाला तर तो ताबा नव्हे. या सात दिवसांचा विचार करून किंमतीचा मोठा भाग दोघांच्या विश्वासांतील तिऱ्हाइताकडे ठेवावा, आणि मुख्य मालकी आपल्या नांवें होऊन जुना मालक यादींतून निघाल्यावरच तो द्यावा.

जुन्या वाटा बुजविणें

मुख्य मालकी आली म्हणजे त्याच दिवशीं पुढील कामें उरकावीं. ब्रँड अकाउंटमधील व स्टुडिओच्या ‘परमिशन्स’मधील सर्व जुने मालक, मॅनेजर व एडिटर काढून टाकावे, दोन्ही याद्या निराळ्या आहेत. पूर्वीं परवानगी दिलेलीं बाहेरचीं ॲप्स तोडावीं. उत्पन्न जमा होणारें ‘ॲडसेन्स’ खातें विक्रेत्याचें असतें; तें बदलून स्वतःचें न जोडल्यास पैसे त्याच्याच बँकेंत जात राहतील. आपल्या नव्या खात्यांत कमाई १० डॉलरपर्यंत गेल्यावर पत्ता पडताळण्याकरितां टपालानें पिन येतो. तेव्हां गांवाचा पत्ता व पिनकोड बिनचूक लिहावा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. प्रत्येक व्हिडिओखालीं विक्रेत्याचा मोबाईल क्रमांक, व्हॉट्सॲप गटाचा दुवा आणि कधीं कधीं पैसे पाठविण्याचा यूपीआय पत्ताही असतो. तो तसाच राहिला तर रोपांची मागणी करणारा शेतकरी आपलें चॅनेल पाहून विक्रेत्यास फोन करील. स्टुडिओंत अनेक व्हिडिओंचें वर्णन एकदम बदलण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

चोर दुसऱ्या दारानें येतो

येथवर जुन्या मालकाचा विचार झाला. पण तिऱ्हाईत चोरही असतो. गूगलनें ऑक्टोबर २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें, जाहिरातीचें आमिष दाखवून धाडलेल्या फाइलींतून चोर संगणकांतील ‘लॉगिन’ची खूणच पळवीत, आणि हस्तगत चॅनेल ३ पासून ४,००० डॉलरपर्यंत विकीत. स्वस्त मिळणारें चॅनेल चोरीचेंही असूं शकतें, हा त्यांतील बोध. मार्च २०२३ मध्यें दीड कोटींहून अधिक सब्स्क्रायबर असलेलें कॅनडांतील ‘लायनस टेक टिप्स’ याच रीतीनें लुबाडलें गेलें. २० सप्टेंबर २०२४ रोजीं तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या चॅनेलवर एका आभासी चलनाची जाहिरात झळकली.

म्हणून चॅनेलच्या मालकीसाठीं स्वतंत्र गूगल खातें ठेवावें, दुहेरी पडताळणी व ‘पासकी’ लावावी, आणि आपत्कालीन संकेत कागदावर लिहून तिजोरींत ठेवावे. व्हिडिओ जोडणाऱ्या मुलास पासवर्ड न देतां केवळ ‘एडिटर’चा अधिकार द्यावा. अनोळखी ई-मेलमधील फाइल त्या संगणकावर उघडूं नये. खूण चोरीस गेली तर दुहेरी पडताळणीही उपयोगी पडत नाहीं. संस्थेचें चॅनेल असल्यास दोन पदाधिकारी ‘ओनर’ असावे, म्हणजे एक आजारी पडला तरी काम अडत नाहीं.

एवढें करूनही चॅनेल गेलें तर यूट्यूबकडे लगेच तक्रार करावी, आणि १९३० या क्रमांकावर कळवून करार व पैसे दिल्याचा पुरावा दाखवावा. येथें नुकसान केवळ खरेदीच्या पैशांचें नसतें. भुरीवर कोणतें औषध किती प्रमाणांत फवारावें, हें शेतकऱ्यानें ज्या चॅनेलवर विश्वासून ऐकलें, तेंच चॅनेल उद्यां चोराच्या हातीं गेलें तर तो बनावट बियाणेंही त्याच विश्वासावर खपवील. तो विश्वास जपणें हें चॅनेल घेणाराचें पहिलें कर्तव्य आहे.