चिप उघडायला बंदी नाही

माझं काम चिपचा लेआउट काढण्याचं. नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "सर, दुसऱ्याची चिप उघडून पाहणं म्हणजे चोरीच ना?" नाही. वरचं आवरण आम्लाने काढा, थर उतरवत सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घ्या, सर्किट समजून घ्या. आपला २००० सालचा लेआउट-डिझाइन कायदा अभ्यास, संशोधन आणि अध्यापनासाठी ही मुभा देतो. त्या अभ्यासातून स्वतःची नवी रचना केलीत, तर तीही तुमचीच.

१९७६ मध्ये झायलॉग कंपनीचा झेड-८० हा प्रोसेसर आला, तेव्हा असा कायदा अमेरिकेतही नव्हता. म्हणून त्याचे रचनाकार मासातोशी शिमा यांनी चिपमध्येच सहा सापळे पेरले. दिसायला साधा ट्रान्झिस्टर. पण त्यात आयन असे रोवलेले की तो कायम चालूच राहावा. फोटोत हे दिसत नाही. फोटोवरून हुबेहूब उतरवणारा फसलाच! नक्कल करणाऱ्यांची चिप त्यामुळे सहाएक महिने लांबल्याचं शिमांना पुढे एनईसी या जपानी कंपनीकडून कळलं. लेआउटवाला म्हणून मला या खोडसाळपणाचा फार हेवा वाटतो.

अमेरिकेत कायदा झाला १९८४ मध्ये. त्याखालचा गाजलेला खटला ब्रुकट्री विरुद्ध एएमडी, दोन्ही चिप-कंपन्या; आरोप नकलेचा. ब्रुकट्रीच्या चिपवर दहा ट्रान्झिस्टरची एकच मेमरी-पेशी सहा हजारांहून जास्त वेळा मांडलेली होती. चिपचा सुमारे ८० टक्के भाग तिनेच व्यापलेला. नक्कल नाही, अभ्यासातून केलेली स्वतःची रचना आहे, हे पटवायला एएमडीने ढीगभर कागद दाखवले: बघा, आम्ही किती राबलो! पण त्या कागदांतले प्रयत्न सहा आणि आठ ट्रान्झिस्टरचे, तेही फसलेले. ब्रुकट्रीची चिप पुन्हा तपासल्यावर मात्र झटक्यात दहाची पेशी, जवळपास तशीच. गणिताच्या पेपरात कच्चं काम एका उदाहरणाचं आणि उत्तर दुसऱ्याचंच, असा तो प्रकार. ज्यूरीने पेटंटभंगासह अडीच कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली आणि १९९२ मध्ये अपिलातही निकाल टिकला.

म्हणून आमच्याकडे फसलेले आराखडेही तारखेनिशी जपायचे, असा माझा आग्रह असतो.

भारतात लेआउटची नोंदणी दहा वर्षांची. भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र चिप बाजारात येऊन दोन वर्षं उलटली की नोंदणी मिळत नाही. टेपआउट झालं, म्हणजे अंतिम आराखडा चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे (फॅबकडे) गेला, की सगळ्यांचे डोळे तिकडेच लागतात आणि अर्ज राहून जातो. मी तो टेपआउटच्या कामांच्या यादीतच घालून ठेवलाय.