पेडणे-डिचोलीत राहायला किती लागतं?

बाहेरच्या माणसाला गोवा एकतर फार महाग वाटतो, नाहीतर फार स्वस्त. कळंगुटला चार दिवस राहून गेलेला महाग म्हणतो, आणि महाराष्ट्राच्या सरहद्दीवर, पत्रादेवीच्या अलीकडे गाडीची टाकी भरून बांद्याला परतणारा स्वस्त म्हणतो. दोघांच्याही हातात पावती असते, त्यामुळे कुणालाच खोटं पाडता येत नाही. पण यातली एकही पावती इथे बारा महिने राहणाऱ्या कुटुंबाची नव्हे. त्या कुटुंबाचा हिशेब मांडायचा तर पेडणे आणि डिचोली हे तालुके घ्यावेत. किनारा, विमानतळ, खाणी, औद्योगिक वसाहती, शेती असं सगळं या दोघांत मिळून आहे. शिवाय 'तिकडे गावात काय, स्वस्तच असणार' ही समजूतही सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दलच ऐकू येते.

तेव्हा सुरुवात त्या समजुतीपासूनच करू. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च 3,773 रुपये आणि शहरी भागात 6,459 रुपये निघाला. शहराचा खर्च गावापेक्षा सत्तर टक्क्यांहून जास्त. महाराष्ट्रातही 4,010 आणि 6,657, म्हणजे दरी जवळपास तेवढीच. गोव्यात मात्र गावात 7,367 आणि शहरात 8,734. फरक एकोणीस टक्क्यांच्या आत. गोव्यातल्या खेड्यातलं कुटुंब महाराष्ट्रातल्या शहरी कुटुंबापेक्षाही जास्त खर्च करतं. पेडणे नावाची नगरपालिका आहे आणि तुये नावाची पंचायत आहे, एवढ्यावरून तुयेत राहणं स्वस्त पडेल असं धरणाऱ्याने हे आकडे आधी पाहावेत.

यावर लगेच हरकत येते, आणि ती रास्त आहे: जास्त खर्च म्हणजे महागाई नव्हे, सुबत्ताही असू शकते. घरात दोन स्कूटर आणि ताटात रोज मासे असले तर आकडा वाढणारच. म्हणून दुसरा पुरावा पाहावा लागतो. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने 2011-12 साठी राज्यवार दारिद्र्यरेषा काढल्या होत्या. ती रेषा किती खाली ठेवली यावर वाद झाला आणि तो होणं योग्यच होतं. पण इथे कामाचं हे की राज्याराज्यांतल्या रेषांमधला फरक मुख्यतः किमतींच्या फरकातून आलेला होता. देशात ती गावासाठी माणशी महिन्याला 816 आणि शहरासाठी 1,000 रुपये होती, गोव्यात 1,090 आणि 1,134. गोव्याच्या शहराची रेषा महाराष्ट्राच्या शहराच्या 1,126 ला जवळजवळ भिडलेली. गावाची मात्र महाराष्ट्रातल्या गावाच्या 967 पेक्षा तेरा टक्क्यांनी वर. म्हणजे महाराष्ट्राच्या तुलनेत गोव्यात शहर महाग नाही, गाव महाग आहे, आणि हे पेडण्यातल्या मोपा विमानतळावरून विमान उडण्याच्या दहा वर्षं आधीचं चित्र आहे. कारण समजायला अवघड नाही. भाजीची गाडी बेळगावहून घाट उतरून येते. ती म्हापशाला जाते तशीच मांद्र्यालाही, आणि मधल्या अंतराचं भाडं भाजीवर चढतं. फलोत्पादन महामंडळाचे गाडे अनुदानातली भाजी देतात म्हणून कांदा-बटाटा तरी आवाक्यात राहतो. माशाला असा कुणी वाली नाही. जून-जुलैची मासेमारी बंदी सोडली तरी इसवण आधी हॉटेलच्या आचाऱ्याकडे जातो, मग गावच्या बाजारात येतो.

'गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकाचं, त्यांना काय परवडत नाही?' हा प्रश्न विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत कुठेही ऐकू येतो. हे उत्पन्न अलीकडच्या वर्षांत माणशी पाच लाखांच्या घरात आहे. चौघांच्या कुटुंबाला ते वर्षाला वीस लाख होतं. आता वरच्या सर्वेक्षणातला खर्च चौघांसाठी धरा: महिन्याला साडेएकोणतीस हजार, वर्षाला साडेतीन लाख. उरलेले साडेसोळा लाख धारगळच्या माणसाने बँकेत टाकले असतील असं कुणी म्हणणार नाही. दरडोई उत्पन्नात राज्याच्या हद्दीत जे काही निर्माण झालं ते सगळं मोजलं जातं: औषध कंपन्यांचा नफा, खनिज, बंदर, पंचतारांकित हॉटेलं. त्यातला कितीतरी पैसा मुंबई-दिल्लीच्या मुख्यालयांकडे वळतो. सरासरीचा आकडा खरा आहे, पण तो राज्याचा आहे, घराचा नाही.

मग घराचं अंदाजपत्रक नेमकं कुठे फाटतं? उत्तराचा धागा अमेरिकेत सापडतो. तिथे ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस ही सरकारी संस्था दरवर्षी राज्यं आणि महानगर क्षेत्रांच्या किमतींच्या पातळीची तुलना प्रसिद्ध करते. तिथल्या मध्यम शहरात राहणं स्वस्त की महाग हे दुधा-पावाच्या किमतीवरून फारसं ठरत नाही. वस्तूंच्या किमती सगळीकडे जवळपास सारख्या, मोठी तफावत घरभाड्यात. पेडण्यालाही हेच लागू पडतं, फक्त इथे ते मोजलं जात नव्हतं. 2012 हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या ग्रामीण भागात घरभाडं हा घटकच नव्हता. मोरजीत भाडी दुप्पट झाली असती तरी त्या मालिकेतला ग्रामीण महागाईचा दर जागचा हलला नसता. 'महागाई आटोक्यात' ही बातमी वाचून भाडेकरू चिडतो ते उगाच नाही. शिवाय तो दर किमती किती वेगाने वाढल्या हे सांगतो, किमती किती आहेत हे नाही.

किनारपट्टीवर भाडं ठरतं कसं, तेही पाहू. समजा, हरमलमधली एक खोली पर्यटकाला रात्रीला दीड हजाराने जाते आणि सीझनच्या सहा महिन्यांत निम्म्याच रात्री भरते. नव्वद रात्रींचे झाले एक लाख पस्तीस हजार. साफसफाई, वीज वजा करा, तरी हीच खोली बारा महिने शिक्षिकेला किंवा नर्सला द्यायची तर महिन्याला दहा-अकरा हजार मिळाल्याशिवाय मालकाला पुरत नाही. मालक लोभी आहे म्हणून नव्हे; त्याचं गणित बरोबर आहे. शिक्षिकेची स्पर्धा दुसऱ्या शिक्षिकेशी नसून सुट्टीवर आलेल्या माणसाशी आहे, आणि त्याला चारच रात्रींचे पैसे मोजायचे असतात.

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुरू झाली. तेव्हापासून पेडण्यात पैसा आला, असं बोललं जातं. ज्याने जमीन विकली त्याच्याकडे आला, एकदा. पगारदाराच्या वाट्याला वाढलेली मागणी आली. जमिनीचा भाव तिथे कोण काय कमावतो यावरून ठरत नाही. उद्या तिथे काय बांधता येईल या अपेक्षेवरून ठरतो. 2023 साली पेडण्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. त्या विरोधात झाडांची आणि डोंगरांची काळजी होती, आणि आपल्याच गावात आपल्याला प्लॉट परवडणार नाही ही धास्तीही होती.

पेट्रोलचं काय? 2012 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी व्हॅट जवळजवळ काढून टाकल्यावर पेट्रोल लिटरमागे अकराएक रुपयांनी उतरलं होतं. पुढे कर पुन्हा चढला, तरी महाराष्ट्रापेक्षा ते सात-आठ रुपयांनी स्वस्त असतं. डिचोलीहून पणजीला कामाला जाणारा माणूस रोज साठेक किलोमीटर स्कूटर चालवतो, महिन्याला दीड हजार किलोमीटर. पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर तेहतीस लिटर, म्हणजे तीन हजारांच्या वर. स्वस्त पेट्रोलने त्यातले अडीचशे वाचले. संध्याकाळनंतर भरवशाची बस असती तर याच्या कितीतरी पट वाचले असते. एका घरात दोन-दोन दुचाक्या दिसतात त्या सुबत्तेची खूण म्हणून मोजल्या जातात. पुष्कळदा त्या न आलेल्या बसची भरपाई असतात.

डिचोलीचा अनुभव आणखी एक समज खोडतो: लोकांचं उत्पन्न घटलं की बाजारही उतरतो. 2012 च्या शरद ऋतूत खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2018 च्या निकालानंतर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले, खाणीच्या वाटेवरचे खानावळवाले, सगळ्यांचं उत्पन्न एकदम तुटलं. ट्रकवरचे हप्ते चालूच राहिले. पण तांदूळ, तेल आणि गॅसचा भाव डिचोलीत ठरत नाही, त्यामुळे तो डिचोलीसाठी उतरलाही नाही. पाण्याचंही तसंच. याच तालुक्यातल्या शिरगावच्या विहिरी खाणींमुळे आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. ज्या घरात पाणी परसातल्या विहिरीचं होतं तिथे ते नळाचं किंवा टँकरचं झालं की खर्चाच्या वहीत नवी ओळ येते, आणि खाण थांबली म्हणून ती लगेच पुसली जात नाही.

कुणी म्हणेल, सरहद्दीपलीकडे बांदा किंवा दोडामार्गला राहावं आणि रोज यावं. हजारो लोक येतातच. पण गोव्याच्या रहिवाशाला दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत अडीच ते चार लाखांचं आरोग्यकवच आहे, आणि गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात (गोमेकॉत) 2018 पासून बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क पडतं. गृहिणींसाठीच्या 'गृह आधार' योजनेचे महिन्याचे दीड हजारही रहिवासाच्या दाखल्यावरच मिळतात. स्वस्त भाड्यासाठी पलीकडे गेलेलं कुटुंब एका आजारपणात ती बचत घालवू शकतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेवटी राहिला: इथल्या बहुतेकांना स्वतःचं घर आहे, त्यांना भाड्याशी काय देणं-घेणं? घर आहे, हे खरं. पण पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी समान वाटेकरी, आणि लग्न झालेल्या वाटेकऱ्याच्या जोडीदाराचीही सही लागते. तीन पिढ्या वाटणी झाली नाही की एका वाड्याला वीस मालक होतात आणि बँक त्यावर कर्ज देत नाही. मुंडकाराचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला ती जागा विकत घेण्याचा हक्क दिला, पण मामलेदाराकडचं प्रकरण वर्षानुवर्षं हलत नाही. डिचोली तालुक्यातल्या मये गावात तर पोर्तुगिजांपासून मुक्ती मिळाल्यावर गावाची जमीन सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेच्या सरकारी कस्टोडियनकडे गेली आणि तिची मालकी सोडवण्याचा कायदा यायला 2014 उजाडलं. अशा घरातल्या धाकट्या मुलाला लग्नानंतर वेगळी खोली हवी झाली की त्याला घर असूनही भाड्याच्या बाजारात उतरावं लागतं, त्याच सुट्टीवाल्यांच्या रांगेत. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं जवळपास दर पाचवं घर रिकामं आढळलं होतं. त्यातली काही दिल्ली-मुंबईकरांची सुट्टीची घरं, काही परदेशी गेलेल्यांची कुलूपबंद, आणि काही अशी की ज्यांची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा दावा, अजून न्यायालयात आहे.