जुन्या टेलिफोनला नवी वाचा



आपल्यापैकीं पुष्कळांच्या दिवाणखान्यांत वडिलांच्या वेळचा तबकडीचा काळा टेलिफोन अजून जपून ठेवलेला असेल. घरांत इंटरनेटची नवी जोडणी आली, तांब्याच्या तारेची जुनी जोडणी सुटली, आणि हें यंत्र मुकें झालें. त्यास पुन्हां वाचा फुटेल काय, आणि फुटल्यास तिच्यावर कितपत विसंबावें, या दोन प्रश्नांचा आज विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, जुना टेलिफोन स्वतः फारच थोडें काम करीत असे. त्याचा सारा भार एक्स्चेंजवर होता. तेथील बॅटऱ्यांतून सुमारें ४८ व्होल्टचा दाब दोन तारांवरून आपल्या घरापर्यंत येई. रिसीव्हर उचलला कीं मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहूं लागे, आणि तेवढ्यावरून एक्स्चेंजला आपली चाहूल लागे. तबकडी फिरवून सोडली म्हणजे परततांना ती हा प्रवाह सेकंदास सुमारें दहा वेळां या वेगानें तोडी. पांचाच्या आंकड्यास पांच वेळां. पुढें बटनांचे टेलिफोन आले, तेव्हां प्रत्येक आंकड्यासाठीं दोन सूर एकदम उमटूं लागले. घंटेसाठीं मात्र एक्स्चेंज निराळा, सुमारें ७५ ते ९० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह धाडी.

इंटरनेटला यांपैकीं कांहींच कळत नाहीं. त्याचा सारा व्यवहार आंकड्यांचा. म्हणून दोहोंच्या मध्यें एक दुभाषी बसवावा लागतो. ॲडॅप्टर नांवाची लहानशी पेटी तें काम करते. कांहीं घरांत ती फायबरच्या पेटींतच अंतर्भूत असते. टेलिफोनच्या बाजूस ही पेटी एक्स्चेंजचें हुबेहूब सोंग घेते: तारांवर दाब ठेवते, डायल टोन ऐकविते, घंटा वाजविते. दुसऱ्या बाजूस ती आपला आवाज सेकंदास ८,००० वेळां मोजून त्याचे आंकडे करते. बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढें बोलणें एकेका पाकिटांत भरून, वर पत्ता घालून, तें रवाना होतें. टपालाप्रमाणेंच कांहीं पाकिटें उशिरां पोंचतात, कांहीं गहाळ होतात. यासाठीं पलीकडची पेटी आलेलीं पाकिटें क्षणभर थोपवून क्रमानें लावते. हा विलंब वाढला, तर दोघेही एकदम बोलूं लागतात व संभाषणाचा विरस होतो.

एक गोष्ट खरेदीपूर्वीं विचारून घ्यावी. कित्येक पेट्यांना केवळ सुरांची भाषा समजते. अशा पेटीस जोडलेल्या तबकडीच्या टेलिफोनवर आलेला फोन घेतां येतो, पण नंबर फिरवितां येत नाहीं.

सर्व सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें आपण म्हणतों. या पेटीच्या बाबतींत पैशाच्या जागीं वीज घालावी. जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे, म्हणून घरांत अंधार झाला तरी तो बोलत असे. नवी पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली कीं घरांत दुसरी सोय नसल्यास टेलिफोनही गेला.

ही अडचण क्षुल्लक नव्हे. ब्रिटनमध्यें जुनें टेलिफोनजाळें बंद करण्याची मुदत प्रथम डिसेंबर २०२५ होती. २०२४ सालीं ती जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यांत आली. कारण तेथें एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांच्या गळ्यांत संकटसमयीं दाबावयाचें बटन असतें, आणि तें याच तारेवर अवलंबून होतें. तेथील नियामक संस्थेनें २०१८ सालींच असें सुचविलें होतें कीं, ज्यांना केवळ घरच्या टेलिफोनचाच आधार आहे, त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास मदत मागतां येईल अशी सोय कंपन्यांनीं करून द्यावी.

आपणही एवढें करावें. ॲडॅप्टर, राउटर आणि फायबरची पेटी या सर्वांस बॅटरीचा आधार द्यावा; एकीस देऊन भागत नाहीं. मग दिवसाउजेडीं एकदां घरचा मेन स्विच बंद करून रिसीव्हर उचलून पहावा. डायल टोन ऐकूं आला, तर जुन्या यंत्रास खरोखरच वाचा फुटली. न आला, तर घरांतील वडीलधाऱ्यांच्या उशाशीं चार्ज केलेला मोबाईल ठेवावा, आणि ११२ हा आंकडा त्यांच्याकडून एकदां म्हणवून घ्यावा.