संवाद ऐकू का येत नाहीत? होम थिएटरचे पुढचे तीन स्पीकर

आई-बाबा सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे आले आहेत. तुम्ही हौसेने मोठ्या टीव्हीवर मराठी सिनेमा लावता आणि दहाव्या मिनिटाला बाबा विचारतात, "काय म्हणाला रे तो?" आवाज वाढवला की संवाद जेमतेम कळतात, पण लगेच पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि वर झोपलेलं बाळ उठतं. सबटायटल लावावीत तर ती इंग्रजी. आईचं एक वाक्य वाचून होईपर्यंत पडद्यावर पुढची दोन होऊन गेलेली असतात. शेवटी "त्यांना हल्ली कमी ऐकू येतं" असं म्हणून आपण मोकळे होतो. वयोमानाने ते खरंही असेल, कान तपासून घ्यावेतच. पण त्याबरोबर एकदा तुमचे पुढचे स्पीकरही तपासा.

बोलण्याची गंमत अशी, की त्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. 'सात', 'साठ' आणि 'साप' हे शब्द सावकाश म्हणून पाहा. भरघोस ऐकू येतो तो मधला 'आ', पण शब्द कुठला ते ठरतं शेवटच्या इवल्याशा स्फोटावरून. या व्यंजनांच्या खुणा मुख्यतः २,००० हर्ट्झ आणि त्याच्या वर असतात. वय वाढलं की कान आधी गमावतात तेही वरच्याच पट्टीतलं. म्हणजे नेमका जो भाग आई-बाबांना कमी ऐकू येतो, तोच भाग तुमच्या खोलीत स्पीकरपासून कानापर्यंत पोचताना खराब होत असेल, तर आवाज कितीही वाढवून उपयोग नाही. मोठ्याने ऐकू येईल तो फक्त 'आ'.

आता मधला स्पीकर, म्हणजे सेंटर. "डावा-उजवा असताना मध्ये तिसरा कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज सारखा आला तर तो मधोमध असल्याचा भास होतो, स्टिरिओची सगळी जादू त्यावरच आहे. ही जादू मुळात सुचली तीही सिनेमामुळेच. ॲलन ब्लमलाइन हे लंडनचे अभियंते. पडद्यावरचा माणूस एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्यांना चित्रपटगृहात खटकलं, असं सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत मात्र बेल लॅब्जच्या मंडळींनी वेगळी वाट धरली. २७ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियात चाललेलं वाद्यवृंदवादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं, ते तीन मायक्रोफोन, तीन तारा आणि तीन स्पीकर वापरून. त्यांना सभागृहभर पसरलेले श्रोते सांभाळायचे होते, आणि दोन स्पीकरमधला भास मधल्या खुर्च्यांवरच नीट टिकतो.

तुमच्या सोफ्यावरही तेच घडतं. समजा सोफा ३ मीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये २.८ मीटर अंतर आहे. मधोमध तुम्ही बसलात (रिमोट तुमच्याच हातात, दुसरं काय!) आणि बाबा तुमच्या उजवीकडे ६० सेंटीमीटरवर. त्यांच्यापासून उजवा स्पीकर सुमारे ३.१ मीटर आणि डावा ३.६ मीटर. फरक अर्ध्या मीटरचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज त्यांना दीड मिलिसेकंद उशिरा मिळतो. एवढ्या फरकाला आपला मेंदू फसत नाही. जो आवाज आधी आला त्याच दिशेला तो उगम मानतो. बाबांच्या दृष्टीने नायिका बोलते टीव्हीत आणि आवाज येतो उजव्या कोपऱ्यातून.

मधोमध बसणाराही पूर्ण सुखी नसतो. भासाच्या आवाजात प्रत्येक कानाला दोन स्पीकर ऐकू येतात, जवळचा आधी आणि पलीकडचा डोक्याला वळसा घालून सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा. हे दोन आवाज २,००० हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खातात. तिथे काय असतं ते वर पाहिलंच. खऱ्या सेंटर स्पीकरमध्ये हा घोळ नाही. एकच उगम, सोफ्यावर कुठेही बसा, दिशा एकच.

म्हणून माझं मत सरळ आहे. पैसे मोजके असतील तर डावे-उजवे मोठे टॉवर घेऊन मध्ये काहीतरी छोटं चिकटवू नका. तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले घ्या, म्हणजे गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज मध्येच बदलणार नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे तीन हुबेहूब सारखे बुकशेल्फ स्पीकर, मधलाही उभाच. खर्जाची काळजी सबवूफर घेतो. रिसीव्हरवर क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवलात की टॉवरच्या मोठ्या पेटीचा फायदा तसाही फारसा उरत नाही.

पण टीव्हीखाली उभा स्पीकर मावत नाही, म्हणून दुकानात आडवे सेंटर मिळतात. मध्ये छोटा ट्विटर, दोन्ही बाजूंना एकेक वूफर. दिसायला देखणे, आणि इथेच लोक फसतात. दोन वूफरच्या केंद्रांत ३० सेंटीमीटर अंतर असेल आणि तुम्ही ३० अंश बाजूला बसला असाल, तर एका वूफरचा आवाज दुसऱ्यापेक्षा १५ सेंटीमीटर जास्त चालून येतो. १५ सेंटीमीटर म्हणजे साधारण १,१५० हर्ट्झच्या तरंगलांबीचा बरोबर अर्धा भाग. एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आणि दोन्ही मिळून शांतता! ज्या भिडूला सोफ्याचा कोपरा मिळतो त्याच्या संवादात तिथे खड्डा पडतो. हे टाळायचं तर असा आडवा सेंटर पाहा, ज्यात ट्विटरच्या खाली किंवा वर, त्याच उभ्या रेषेत, एक छोटा मिडरेंज असतो आणि बाजूचे वूफर फक्त खालची पट्टी सांभाळतात. महाग पडतो, पण तीनचार जण एकत्र सिनेमा पाहणाऱ्या घरात पैसे तिथेच घालवावेत. एकटेच मधोमध बसून पाहत असाल, तर वाईट सेंटरपेक्षा सेंटर नसलेला बरा.

उंचीचं काय? अमेरिकेत आणि इंग्लंडात शेकोटीच्या वर टीव्ही टांगायची फॅशन आहे. मानेला तर ती वाईटच, पण मग सेंटर कुठे ठेवायचा? सुदैवाने खाली-वरच्या दिशेच्या बाबतीत आपले कान कच्चे आहेत आणि डोळे दांडगे. रामदास पाध्ये स्वतः बोलायचे आणि आपल्याला दिसायचं ते अर्धवटराव बोलताना. तोच शब्दभ्रम इथे तुमच्या कामी येतो. सेंटर पडद्याच्या लगेच खाली ठेवा आणि त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे, जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीकडे, वळेल असं कलतं करा. पुढच्या पायांखाली रबराचा तुकडा घातला तरी भागतं. मात्र तो कपाटाच्या खणात आत ढकलू नका. पुढचा भाग फळीच्या कडेपर्यंत आणा, नाहीतर फळीवरून परावर्तित झालेला आवाज मूळ आवाजात मिसळून पुन्हा तीच खिचडी होते.

डाव्या-उजव्याला तुमच्या खुर्चीपासून मधल्या रेषेच्या दोन्हीकडे २२ ते ३० अंशांत ठेवा. ३ मीटरवरच्या सोफ्यासाठी दोघांतलं अंतर २.४ ते ३.५ मीटर येतं. ६५ इंची टीव्हीची रुंदी १.४४ मीटर असते, म्हणजे स्पीकर टीव्हीला चिकटवून ठेवायचे नसतात, दोन्ही बाजूंना चांगला हातभर मोकळा भाग राहतो. ट्विटर कानाच्या उंचीवर हवा. मागची भिंतही गप्प बसत नाही. स्पीकरच्या पुढच्या भागापासून ती ६० सेंटीमीटर असेल तर तिच्यावरून परतलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो आणि पुरुषी आवाज पोकळ वाटू लागतो. तेवढ्याच अंतरावर बाजूची भिंतही असेल तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात. म्हणून मागची आणि बाजूची अंतरं वेगवेगळी ठेवा, कोपरे टाळा.

दुबई-मस्कतकडच्या वाचकांसाठी खास: फरशी आणि उघड्या काँक्रीटच्या भिंती असलेल्या खोलीत शब्द घुमतात, तिथे कुठलाही स्पीकर हतबल होतो. सोफा आणि स्पीकर यांच्यामध्ये जाड गालिचा अंथरा. मग घरातल्या कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला, की तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट लावा.

रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टेप लावून मोजून भरा आणि सेंटरचा आवाज बिनदिक्कत २-३ डेसिबल वाढवा. रात्री आवाजातला चढ-उतार कमी करणारा नाइट मोड लावा, बाळासाठी. आणि एक गोष्ट मराठी सिनेमावाल्यांना हमखास नडते. जुन्या चित्रपटांचा आवाज मोनो किंवा दोनच चॅनेलचा असतो. रिसीव्हर नुसत्या 'स्टिरिओ'वर असेल तर तुमचा महागडा सेंटर तीन तास मुका बसून राहतो. 'डॉल्बी सराउंड' किंवा 'प्रो लॉजिक' निवडा. दोन्ही चॅनेलमध्ये जे समान आहे, म्हणजे बहुतेक संवाद, ते मग मध्ये येतात.

कधीतरी सामान बांधून भारतात परतायचा विचार असेल तर साधे, स्वतःला वीज न लागणारे स्पीकर खुशाल न्या, त्यांना व्होल्टेजशी देणंघेणं नसतं. अमेरिकेतला १२० व्होल्टचा रिसीव्हर आणि सबवूफर मात्र मागचं लेबल वाचल्याशिवाय पुण्यातल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका.