चहा, पण गारेगार!

चहा निवला म्हणजे तो टाकून द्यायचा, नाहीतर पुन्हा गॅसवर चढवायचा, हा आपल्या घरांतला रिवाज. पाहुण्यांच्या हाती कोमट कप गेला, तर यजमानीणबाईंची अब्रू गेलीच म्हणून समजा! अशा घरात वाढलेल्या मला कोणी सांगितले असते, की एक दिवस तू आपल्या हाताने चहा गार करशील आणि वर त्यात बर्फ टाकशील, तर मी त्याला वेड्यात काढले असते. पण नागपूरचा मे महिना माणसाकडून काय काय करवून घेईल, हे सांगता येत नाही.

निमित्त झाले आमच्या मामंजींचे. दिवसातून सहा वेळा चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, हा त्यांचा पन्नास वर्षांचा परिपाठ. उन्हाळ्याच्या तोंडी रक्त तपासले, तर साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी चहातल्या साखरेवर काट मारली. बिनसाखरेच्या चहाचा एक घोट घेऊन मामंजींनी कप खाली ठेवला, तो ठेवलाच. “सूनबाई, हा काढा कोणासाठी केलास?” एवढेच म्हणाले. पुढचे चार दिवस दुपारच्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. शेवटी माझी लेक म्हणाली, “आई, आजोबांना आइस्ड टी करून दे ना!” बाजारातल्या बाटलीवरचा मजकूर वाचला, तर तिच्यात साखरच साखर. म्हटले, घरीच करू. चहा तर करता येतो ना आपल्याला!

रोजची पत्ती घेतली, नेहमीसारखा खळखळून उकळला, दूध तेवढे वगळले आणि पातेले फ्रीजमध्ये ठेवले. दोन तासांनी पाहते तो काय, पहिल्या पावसात नाल्याला येते तसे पाणी! नेमक्या त्याच दिवशी वन्सं आल्या होत्या. त्यांनी पेला उजेडात धरून विचारले, “वहिनी, ह्यात चिंच कोळली आहे का?” चव तर त्याहून वाईट, जीभ नुसती टाळूला चिकटली. ते सारे मोरीत गेले आणि मी हट्टाला पेटले.

चूक फ्रीजची नव्हती, माझ्या उकळण्याची होती. चहातले कॅफीन आणि चहाला रंग व तुरटपणा देणारी द्रव्ये गरम पाण्यात सुखाने विरघळून राहतात. चहा गार झाला, की ती एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण पाण्यात तरंगू लागतात. चहा जितका कडक, तितका गढूळपणा जास्त. हे रोजच होत असणार, पण दुधामुळे दिसत नाही आणि साखरेमुळे कळत नाही. असा चहा बिघडलेला मात्र नसतो. त्यात थोडे उकळते पाणी घातले, की तो पुन्हा नितळ होतो. मला हे आधी ठाऊक असते, तर वन्संपुढे मान खाली गेली नसती.

दुसरी गोष्ट पत्तीची. आपली रोजची दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी. पाने चिरडून, फाडून, त्यांचे दाणे वळणारे हे यंत्र आसामात १९३०च्या सुमारास निघाले. दोन मिनिटांत रंग आणि कडकपणा देणारी ही पत्ती दूध घालून उकळायला उत्तम. गार चहाला मात्र लांब पानांची पत्ती हवी. त्यातही नीलगिरीची. थंड केली तरी ती सहसा गढूळ होत नाही आणि म्हणूनच अमेरिकेत बर्फाच्या चहासाठी तिला मान आहे. दार्जिलिंगही चांगली, पण खिसा पाहून.

अमेरिकेचे नाव निघाले म्हणून सांगते. हा चहा १९०४ साली सेंट लुईच्या जागतिक प्रदर्शनात जन्मला, असे सर्रास सांगतात. हिंदी चहाचा प्रचार करायला गेलेल्या ब्लेचिंडेन नावाच्या गृहस्थाचा गरम चहा त्या उकाड्यात कोणी घेईना, म्हणून त्याने त्यात बर्फ घातला, अशी ती गोष्ट. गोष्ट गोड आहे. परंतु १८७९ सालच्या व्हर्जिनियातल्या एका पाककृतींच्या पुस्तकात बर्फाच्या चहाची कृती आधीच छापलेली होती. न्याहारीच्या वेळी हिरव्या चहावर पाणी ओतून ठेवायचे आणि रात्रीच्या जेवणाला तो प्यायचा! प्रदर्शनाने तो लोकप्रिय केला, एवढे श्रेय त्या गृहस्थाला द्यायला हरकत नाही. आपला हिंदी चहा त्यामुळे चार लोकांच्या तोंडी लागला, हेही खरेच.

आता कृती. पाहुणे दारात उभे असतील, तर ही पहिली. अर्धा लिटर पाण्याला आधण आले, की गॅस बंद करावा, पाच-सहा लहान चमचे लांब पानांची पत्ती टाकून झाकण ठेवावे आणि घड्याळ लावून चार मिनिटे थांबावे. उकळायचे नाही! मग स्टीलच्या पातेल्यात अर्धा किलो बर्फ घेऊन त्यावर चहा गाळावा. काचेच्या भांड्यात ओतू नये, तडकते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ऐंशी कॅलरी उष्णता ओढून घेतो, हे शाळेत शिकलो होतो. त्या हिशेबाने जवळजवळ सारा बर्फ वितळतो आणि चहा दहा अंशांच्या आसपास येतो. म्हणूनच पाणी निम्मे घ्यायचे, उरलेले निम्मे बर्फ देतो. साखर वरून घातली, तर तळाशी वाळूसारखी बसते. त्यासाठी समभाग साखर-पाण्याचा पाक उकळून बाटलीत भरून ठेवावा. लिंबू शेवटी पिळावे. ते पडताच चहाचा रंग झरकन फिका होतो, हा खेळ मुलांना दाखवण्याजोगा आहे.

उन्हाच्या चहाविषयी मात्र सावध करते. काचेच्या बरणीत पाणी आणि पत्ती घालून ती दिवसभर उन्हात ठेवायची, ही रीत एके काळी अमेरिकेत फार चालली. आमच्या लेकीचे लक्ष लगेच गच्चीवर, पापड वाळतात तिथे गेले. मी साफ नाही म्हटले. उन्हात पाणी फार तर पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापते. तेवढ्याने जंतू मरत तर नाहीतच, उलट पाणी तापताना आणि निवताना त्यांना वाढायला छान ऊब मिळते. नागपूरचे ऊन पापडांनाच लखलाभ असो!

आणि आता ती कृती, जिने आमच्या घरातली कोंडी फुटली. हिला आग लागत नाही, लागतो तो धीर. एक लिटर उकळून गार केलेले पाणी स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यावे, त्यात चार-पाच लहान चमचे पत्ती टाकावी, झाकण लावावे आणि रात्रभर, म्हणजे सात-आठ तास, फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी गाळावे, पत्ती पिळू नये. बस्स! गार पाण्यात चहातली गोडसर चवीची द्रव्ये उतरतात, पण कॅफीन आणि तुरटपणा बराचसा पानांतच राहतो. म्हणून हा चहा नितळ, हलका आणि साखरेवाचूनही जिभेला गोड लागतो. गार पाण्याने जंतू मरत नाहीत, तेव्हा पाणी उकळलेलेच हवे आणि चहा दुसऱ्या दिवशी संपवावा. आजारी माणसासाठी किंवा अगदी लहान मुलांसाठी गरम पाण्याचीच कृती बरी. जपानी लोक याच्याही पुढे गेले आहेत. ते उत्तम हिरव्या पत्तीवर बर्फाचे खडे ठेवतात आणि तो थेंब थेंब वितळून जो घोटभर चहा मिळतो, तो पितात. एवढा धीर माझ्या घरात कोणाला नाही.

पहिल्या दिवशी पेला पुढे केला, तेव्हा मामंजींनी एक घोट घेतला, थांबले, आणि माझ्याकडे संशयाने पाहिले. “साखर घातलीस?” मी नाही म्हटले. “शपथ?” शपथ घेतली. मग पेला रिकामा करून त्यांनी तो न बोलता पुढे केला. सकाळचा एक कप गरम, बिनसाखरेचा, तोंड वाकडे करून ते घेतातच. बाकीचे पाच गेले. ऑक्टोबरचे ऊन पुन्हा तापू लागले, तशी बरणी परत फ्रीजमध्ये आली आहे. रात्री तिच्यात पत्ती टाकायचे काम मामंजींनी स्वतःकडे घेतले आहे, आणि ते चमचे मोजत असताना मध्ये कोणी बोललेले त्यांना खपत नाही.